अफाटाचे माप

अद्भुत कादंबरीकडून वाचक दोन गोष्टी मागतो. पुस्तकातले जग पुस्तकाहून मोठे वाटले पाहिजे, आणि वाचताना त्या जगात आपलाच वावर आहे असे वाटले पाहिजे. पहिलीला विस्ताराची जाणीव म्हणता येईल, दुसरीला तन्मयता. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, हे सहसा लक्षात येत नाही. जग जितके मोठे करावे तितके ते लांब जाते आणि लांबच्या गोष्टीत मन रमत नाही. जवळ आणावे तर त्याची भव्यता गळून पडते. ही अडचण लेखक कशी सोडवतो, हा साहित्यशास्त्राचा विषय. पण त्याच्या पोटात धर्मविचाराचाही एक प्रश्न दडलेला आहे. जे खरे नाही हे पक्के ठाऊक आहे त्यातही माणूस इतका बुडून जात असेल, तर त्या बुडण्याला श्रद्धा म्हणायचे का? आणि चौदा भुवने, कल्प-मन्वंतरे, विश्वरूप सांगणारे ग्रंथ अफाटाची जाणीव ज्या रीतीने करून देतात, तीच रीत कादंबरीकार उचलतो का? कादंबरी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी भारतीय विचारवंतांनी या प्रश्नांची उकल करायला घेतली होती. त्यांनी ज्यांचा विचार केला ती साधने कोकणात आजही वापरात आहेत.

विस्तार भासतो कसा, हे पाहायला रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर सोयीचे आहे. भगवती किल्ल्याच्या कुशीत वसलेले हे मोठे मासेमारी बंदर. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या नौकांनी गजबजलेले. तिथे पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची दीड-पावणेदोन मीटर धरली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचे क्षितिज अवघ्या साडेचार किलोमीटरच्या आसपास येते. 100 मीटर उंचीच्या कड्यावर चढले की ते 35 किलोमीटरच्या पलीकडे सरकते, पण अरबी समुद्राच्या मानाने तेही काहीच नाही. डोळ्यांना दिसणारा समुद्र असा अगदी आटोपशीर असतो. तरी काठावर उभे राहून समुद्राला लहान म्हणणारा कोणी भेटत नाही. दिसणे जिथे संपते तिथे पाणी संपत नाही, ही माहिती माणसाजवळ असते आणि अफाटपणा तिच्यातून येतो. त्या माहितीचा पुरावाही रोज समोर घडतो. बाहेर गेलेली नौका परतताना आधी तिची काठी दिसते, मग केबिन, मग नाळ. म्हणजे ती रेषेच्या खालून वर येते, आणि तिच्या पोटातला बांगडा त्या न दिसणाऱ्या पाण्यातला असतो.

याच बंदरात दुसरीही एक गोष्ट शिकायला मिळते. समुद्राची खोली मच्छीमार वावेत सांगतात. दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढे अंतर, ती एक वाव. सहा फुटांच्या जवळपास. खोली दाखवणारी यंत्रे नौकांवर आली, तरी मापामागचा हिशेब तोच आहे. दोर हातांनी ओढत मोजायचा, म्हणजे तांडेलाच्या, नौकेच्या म्होरक्याच्या, छातीचा आणि बाहूंचा त्या खोलीशी थेट संबंध जुळतो. वीस वाव पाणी म्हटले की वीस वेळा हात पसरणे आले. न दिसणारी कड आणि अंगाचे माप या दोन गोष्टींतून समुद्र एकाच वेळी अफाटही होतो आणि कह्यातही येतो. अद्भुतकथेचे बरेचसे कसब याच दोन गोष्टींत आहे.

वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडाच्या अखेरीस याचा नमुनेदार दाखला सापडतो. सीतेच्या शोधात निघालेली वानरसेना दक्षिण समुद्राच्या काठी येऊन थांबते. लंका 100 योजनांवर आहे. योजन म्हणजे नेमके किती यावर पंडितांचे आजही एकमत नाही, आणि कवीलाही त्याची फिकीर दिसत नाही. तो एकेका वानराला पुढे बोलावतो. गज म्हणतो, माझी उडी 10 योजनांची. गवाक्ष 20 म्हणतो. आकडा दहा-दहाने चढत जातो, आणि म्हातारा जांबवान तरुणपणीच्या पराक्रमाची आठवण काढून 90 वर थांबतो. अंगद 100 जाऊ शकतो, पण परत येण्याची खात्री देत नाही. इथे श्रोत्याच्या मनात समुद्र पुरता रुंदावलेला असतो. नुसते 100 योजने म्हटले असते तर तो आकडा कानावरून गेला असता. नऊ वीरांच्या अपुऱ्या उड्या आणि दहाव्याच्या परतीची शंका यांनी त्याला वजन दिले. योजन किती मैलांचे याला मग महत्त्व उरत नाही, कारण कवीने समुद्र वानरांच्या अंगानेच मोजून दाखवला आहे. हनुमान तोवर बाजूला गप्प बसलेला आहे, हे सांगण्याची वेळही कवीने अचूक साधली आहे.

पुढे सुंदरकांडाच्या पहिल्या सर्गात उड्डाण येते, तेव्हा कवी हनुमानाकडे जितके पाहतो तितकेच आजूबाजूलाही पाहतो. पायाखाली महेंद्र पर्वत दाबला जातो, त्यातून पाणी फुटते, बिळांतले साप बाहेर पडतात, उपटलेली झाडे काही अंतर मागोमाग जातात आणि मग पाण्यात पडतात. समुद्रावर पडलेल्या सावलीचे मापही दिले आहे: 10 योजने रुंद, 30 योजने लांब. ज्याला प्रत्यक्ष मोजता येत नाही त्याची सावली मोजायची, ही युक्ती नंतरच्या हजारो कथाकारांनी वापरली. राक्षस किती उंच होता हे सांगण्याऐवजी त्याच्या पावलाने झालेल्या खड्ड्यात तळे साचले असे आजी सांगते, तेव्हा तीही हेच करत असते.

किष्किंधाकांडातच, उड्यांच्या प्रसंगाआधी, सुग्रीव चार दिशांना वानर पाठवतो आणि प्रत्येक दिशेचा भूगोल सांगतो. डोंगर, नद्या, तिथली माणसे, धातूंच्या खाणी, भयंकर प्राणी अशी ती लांबलचक यादी आहे. आजचा अद्भुत कादंबरीकार पुस्तकाच्या पहिल्या पानावर जो नकाशा छापतो, तो इथे तोंडी आहे. मात्र यादीचा शेवट कोणत्याही छापील नकाशाहून सरस आहे. पूर्वेचे वर्णन करत उदयपर्वतापर्यंत आल्यावर सुग्रीव सांगतो की वानरांना इथवरच जाता येते; पुढे उजेड नाही, सीमा नाही आणि तिथले त्यालाही काही ठाऊक नाही. सांगणाऱ्याने आपले अज्ञान कबूल केले की ऐकणाऱ्याचा आधीच्या ज्ञानावर विश्वास बसतो. सर्वज्ञ निवेदकाने बांधलेली जगे कोंदट वाटतात त्याचे कारण इथे आहे.

याउलट नुसत्या संख्यांनी फारसे काही साधत नाही. पुराणांत कलियुग 4,32,000 वर्षांचे, महायुग 43,20,000 वर्षांचे, आणि अशी 1000 महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 4 अब्ज 32 कोटी वर्षांचा. हिशेब चोख आहे, पण शेवटचा आकडा कानावर पडतो तेव्हा मन कधीच मागे राहिलेले असते. पुराणकारांना हे कळत असावे, कारण आकड्यांपाठोपाठ ते गोष्ट सांगतात. मार्कंडेय प्रलयाच्या पाण्यात भटकतो, वडाच्या पानावर पहुडलेले बाळ पाहतो, त्याच्या श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि तिथे त्याला सगळे विश्व, स्वतःच्या आश्रमासकट, जसेच्या तसे दिसते. आश्रम दिसला नसता तर बाकीच्या विश्वाचे काही वाटले नसते.

मोजमाप हरले आहे हे दाखवूनही अफाटपणा उभा करता येतो. शिवमहिम्न स्तोत्रात समुद्राची दौत, काळ्या पर्वताची शाई, कल्पतरूच्या फांदीची लेखणी आणि पृथ्वीचा कागद करून खुद्द शारदा अखंड लिहीत बसली तरी शिवाचे गुण लिहून संपणार नाहीत, अशी कल्पना आहे. कुराणातल्या अल-कहफ सूरेच्या शेवटाकडे समुद्राची शाई केली तरी परमेश्वराचे शब्द संपण्याआधी समुद्र आटेल, असा आशय येतो. दोन परंपरांचा एकमेकींशी थेट संबंध दाखवता येत नाही, पण समुद्र दोघींनाही आठवला. वर किल्ल्यात भगवतीचे देऊळ आणि खाली बंदरात मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती, असे चित्र असलेल्या मिरकरवाड्यात या दोन्ही ओळखीच्या गोष्टी आहेत. दोन्हींत लक्षात घ्यायची बाब अशी की साधन अगदी साधे, रोजच्या लिहिण्याचे आहे. दौत आणि शाई ओळखीची नसती तर तिचे अपुरेपण जाणवले नसते.

विस्ताराची बाजू इतकी. तन्मयतेचा विचार याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यासाठी काश्मीरच्या अभिनवगुप्ताकडे जावे लागते. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या या शैव आचार्याने नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत रसाचा आस्वाद घेताना येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत पहिला क्रमांक त्याने संभावनाविरहाला दिला. समोर घडते ते घडू शकते असेच जर प्रेक्षकाला वाटले नाही, तर पुढचे सगळे वाया. दुसरे विघ्न प्रेक्षक आपल्या किंवा दुसऱ्याच्या स्थळकाळात अडकून पडतो ते. तिसरे स्वतःच्याच सुखदुःखात तो गुरफटलेला असतो ते. उरलेल्या चारांत साधनांची उणीव, अस्पष्टता, मुख्य गोष्टीचा अभाव आणि संशय येतात. अद्भुत कादंबरीच्या वाट्याला पहिले विघ्न सर्वांत जास्त येते हे उघड आहे. समुद्रावर दगडांचा सेतू बांधला जातो, यावर प्रेक्षकाने विश्वास का ठेवावा?

अभिनवगुप्ताचे उत्तर मार्मिक आहे. सामान्य घटना असेल तर प्रेक्षकाचे मन तिला आपोआप प्रतिसाद देते. असामान्य घटना असेल तेव्हा ती रामासारख्या प्रख्यात पुरुषाच्या नावावर घालावी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्याच्या प्रसिद्धीने लोकांच्या मनात विश्वास आधीच रुजवून ठेवलेला असतो. अद्भुताला आधार लागतो तो पुराव्याचा नव्हे, प्रसिद्धीचा. ही गोष्ट पटली की दशावताराचा खेळ समजतो आणि आधुनिक अद्भुत कादंबरीची धडपडही समजते.

दशावतार मुख्यतः आजच्या सिंधुदुर्गाचा. 1981 पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत रात्री उशिरा सुरू होणाऱ्या या खेळात नेपथ्य म्हणून एक बाकडे असते. पडदे असले तर असतात, नसले तरी अडत नाही. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एका बाजूला. राजा आला की बाकडे सिंहासन होते, वनवास आला की तोच खडक. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेले आणि संवाद नटाच्या तोंडी आयत्या वेळी येणारे. सुरुवातीला संकासुर येतो. काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी, लांब दाढी. त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळवलेले असतात. म्हणजे विश्वाच्या आरंभीचा संकटकाळ चालू आहे, आणि संकासुर समोरच्या पोराटोरांची मालवणीत टिंगल करतो आहे. अर्ध्या तासात विष्णू त्याला मारतो आणि विश्व वाचते. मग मुख्य आख्यान. इतक्या तुटपुंज्या साधनांत लोक पहाटेपर्यंत जागे राहतात, कारण प्रत्येकाच्या मनात त्या जगाचा नकाशा आधीपासून आहे. नटाला फक्त त्यावर बोट ठेवायचे असते.

कल्पित विश्व नव्याने निर्माण करणाऱ्या कादंबरीकाराला मात्र अशी आयती प्रसिद्धी मिळत नाही. त्याच्या राजांचे नाव कोणी ऐकलेले नसते. म्हणून तो प्रसिद्धी तयार करतो. वंशावळी, जुनी गाणी, पडक्या बुरुजांची नावे, मेलेल्या भाषांतले शिलालेख, पात्रांच्या तोंडच्या म्हणी हा सगळा सरंजाम त्यासाठी असतो. वाचकाने ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असली तरी त्या जगातल्या लोकांनी ती हजारदा ऐकली आहे, असे भासवायचे. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज भाषापंडिताने हे काम जितके चिकाटीने केले तितके क्वचितच कोणी केले असेल. 1954-55 मध्ये तीन खंडांत निघालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मागे त्याच्या अनेक दशकांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या भाषा आणि पुराणकथा होत्या. पात्रे एका दिवसात किती चालतील आणि त्या रात्री चंद्राची कला कोणती असेल याचेही हिशेब त्याने तपासून दुरुस्त केले. मोरिया नावाच्या भूमिगत नगरीतल्या अंधारात एक पात्र राणी बेरुथिएलच्या मांजरींचा उल्लेख सहज करून जाते. ही राणी कोण, तिच्या मांजरींनी काय केले, याचा कादंबरीत कुठेही खुलासा नाही. बोलणारा आणि ऐकणारे ती गोष्ट जाणतात, वाचक जाणत नाही. त्या एका वाक्यात वाचकाला कळते की हे जग आपण येण्याआधीपासून चालू आहे. सुग्रीवाच्या अंधाराचे हे दुसरे रूप.

शिवाय टॉल्किनने कथेच्या मध्यभागी चार फुटांहूनही कमी उंचीचे हॉबिट ठेवले. खाण्यापिण्याची आवड असलेले, घर सोडायला नाखूष. राजे आणि जादूगार यांना मोजायची वाव म्हणजे हे हॉबिट. त्यांच्या जागी एखादा देवांश वीर नायक असता तर तेच पर्वत निम्मे झाले असते. या कादंबरीच्या असंख्य अनुकरणांनी नकाशे, परिशिष्टे आणि विचित्र नावे तेवढी उचलली, आणि माप विसरले; त्यांची जाडी वाढत गेली तसा विस्तार घटत गेला. अर्सुला ले ग्विनची 1968 मधली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही मात्र लहानशीच कादंबरी आहे. सगळे जग बेटांचे, प्रवास होडीचा, आणि वाऱ्याची दिशा, शिडाची डागडुजी, ओल्या कपड्यांची थंडी यांचे तपशील किनाऱ्यावरच्या वाचकालाही मान्य होतील असे. अखेरीस नायक शेवटच्या बेटाच्याही पुढे होडी हाकारतो. तोवर होडीवर वाचकाचा भरवसा बसलेला असतो म्हणूनच ती कड भीतिदायक होते.

कोकणापुरते बोलायचे तर इथे प्रसिद्धी माणसांना आहे तशी जमिनीलाही आहे. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि त्या जागी कोकण वर आले, ही कथा स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात येते. त्या ग्रंथाची छापील आवृत्ती जे. गर्सन द कुन्हा यांनी 1877 मध्ये काढली, पण कथा त्याआधी शतकानुशतके तोंडोतोंडी होती, आणि चिपळूणजवळ परशुरामाचे देऊळ आजही नांदते आहे. या कथेत ऐकणारा जिथे उभा आहे ती जमीनच कथेचा पुरावा बनते. भूशास्त्र वेगळे सांगते. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हाचा. त्यावरचा तांबडा जांभा नंतरच्या उष्ण, ओल्या हवेत झिजून बनलेला. हा काळ कुठल्याही बाणाहून भव्य आहे. तरी शाळेत तो पाठ करणाऱ्या मुलाला बाण लक्षात राहतो आणि आकडा राहत नाही. यात मुलाचा दोष नाही. बाणाला सोडणारा हात आहे, लाव्हाला नाही. विज्ञानाच्या लेखकांनी कोट्यवधी वर्षांना अंगाचे माप द्यायला शिकणे हे त्यांचे राहिलेले काम आहे.

आता मूळ प्रश्न. ही तन्मयता म्हणजे श्रद्धाच का?

इंग्रजी समीक्षेत कोलरिजने 1817 मध्ये मांडलेले मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले: वाचक आपला अविश्वास आपखुशीने काही काळ बाजूला ठेवतो. टॉल्किनने 1939 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात याला हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की अविश्वास बाजूला ठेवावा लागतो तो कथा फसल्यावर. कथा साधलेली असेल तर त्या दुय्यम जगाच्या नियमांनुसार जे घडते ते वाचकाला तिथे खरेच वाटते. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता, आणि निर्मात्याच्या प्रतिमेनुसार घडलेला माणूस स्वतःही लहान जगे निर्माण करतो, असा त्याच्या मताला धार्मिक आधार होता. पण 'दुय्यम विश्वास' म्हटले तरी तो विश्वासच ठरतो, आणि मग श्रद्धेशी गल्लत होते. अभिनवगुप्ताची मांडणी इथे जास्त काटेकोर आहे. त्याच्या मते रसाचा अनुभव विश्वासही नाही आणि अविश्वासही नाही. खरे-खोटे, माझे-दुसऱ्याचे हे प्रश्नच तिथे उठत नाहीत. भट्टनायक या रसमीमांसकाने ज्याला साधारणीकरण म्हटले ते हेच. रंगभूमीवरचे भय कोणा एकाचे नसते, म्हणून प्रेक्षक भितो आणि तरी उठून पळत नाही.

श्रद्धा मात्र कृतीपर्यंत जाते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा माणूस समुद्राशी एक व्यवहार करत असतो. रोजा धरणाऱ्याचा दिवस बदलतो. वारकऱ्याचा आषाढ बदलतो. कादंबरी वाचून उठलेल्यावर असे कोणतेही बंधन पडत नाही, आणि त्या जगातल्या कोणाचे तो काही देणे लागत नाही. फरक अफाटपणाच्या अनुभवात शोधायला गेले तर सापडणार नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच असू शकतो. तो त्यानंतरच्या वागण्यात आहे. एकच वस्तू दोन माणसांसाठी दोन्ही असू शकते, हेही कोकणात दिसते. शिमग्याच्या दिवसांत गावोगाव फिरणारा संकासुर बहुतेकांना सोंग आहे. त्याच्यासमोर नवस फेडणाऱ्या बाईला ते सोंग नाही. दोघेही एकाच अंगणात उभे असतात आणि दोघांचेही बरोबर असते.

धर्मग्रंथांनीही ही सीमा ओळखलेली दिसते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप मागून घेतो, ते पाहायला त्याला वेगळी दृष्टी दिली जाते, आणि ते पाहिल्यावर तो आधीचेच ओळखीचे रूप परत मागतो. सखा समजून थट्टामस्करीत, जेवताना-झोपताना जे बोललो त्याची तो माफी मागतो. अकराव्या अध्यायातला हा तपशील फार मोलाचा आहे. हजारो बाहू आणि मुखे यांच्या वर्णनाने जे साधत नाही ते या माफीने साधते, कारण आपण कोणाच्या ताटाला ताट लावून जेवलो हे अर्जुनाला आता कळले आहे. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानेश्वरांनी या अध्यायाच्या आरंभी शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आल्याचे म्हटले आहे. यजमान शांत आहे आणि अद्भुत पाहुणा, ही वाटणी त्यांनी मुद्दाम केलेली आहे. अद्भुताने घराचा ताबा घ्यायचा नसतो. धार्मिक ग्रंथात विस्तार हे साध्य नाही. तो अर्जुनाला युद्धाकडे, म्हणजे कर्माकडे परत आणण्यासाठी येतो. कादंबरीत विस्तार हेच साध्य असू शकते, आणि त्यात गैर काही नाही.

या सीमेवर बुद्ध्याच घोटाळा करणारा ग्रंथ एकच, योगवासिष्ठ. त्यातला लवण राजा दरबारात जादूगाराच्या घोड्याकडे पाहता पाहता भान हरपतो, आणि त्या काही क्षणांत दूर रानात जाऊन चांडाळकन्येशी लग्न, संसार, मुले, दुष्काळ अशी सगळी वर्षे जगून परत येतो. इथवर ही स्वप्नकथा आहे. पण राजा दुसऱ्या दिवशी विंध्याकडे निघतो, आणि तिथे ती वस्ती खरोखर असते. जावई गेला म्हणून रडणारी सासूही तिथे भेटते. लीलेच्या कथेत तर एका घराच्या चिमुकल्या अवकाशात अख्खी राज्ये मावलेली आहेत. योगवासिष्ठाचा युक्तिवाद असा की कल्पित जगात ज्या कारणांनी मन बुडते नेमक्या त्याच कारणांनी ते या जगातही बुडालेले आहे: सुसंगती, इतरांची साक्ष, ओळखीचे तपशील. कादंबरीकार वापरतो ती सगळी साधने विश्वानेही वापरलेली आहेत. हा निष्कर्ष मानला तर श्रद्धा आणि तन्मयता यांतला भेद पुसला जातो, आणि त्याबरोबर जागेपणाचाही. वेदान्ती तो मानतील. व्यवहारात कोणाला तो झेपत नाही.

मराठी कादंबरीने या सगळ्या वारशाचे काय केले? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (1861) आणि नारो सदाशिव रिसबुड यांची 'मंजुघोषा' (1868) यांपासून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी याच सुमाराच्या. त्यांतल्या सिंदबादने बेट समजून ज्यावर पाय ठेवला आणि चूल पेटवली तो मासा निघाला. चमत्कार भरपूर होते, पण या कादंबऱ्यांतली राज्ये दोन प्रकरणांच्या पलीकडे पसरलेली वाटत नाहीत; नायक-नायिका भेटले की भोवतालचे सगळे विरून जाते. नाथमाधवांची 'वीरधवल' (1913) पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचली गेली, तरी तिचे बळ घटनांच्या वेगात आहे. विस्ताराची भूक मराठी वाचकाने भागवली ती ऐतिहासिक कादंबरीवर. शिवकाल, गड, घराणी यांची प्रसिद्धी घरोघर होती. अभिनवगुप्ताने सांगितलेला सोपा मार्ग तिथे आयता होता, आणि लेखक त्याच मार्गाने गेले. पौराणिक कादंबऱ्यांचेही तेच.

प्रसिद्धीचा कसलाही आधार न घेता अफाट जग उभे करण्याचे काम मराठीत जी. ए. कुलकर्णी यांनी केले. 'रमलखुणा' (1975) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा नकाशावर नसलेल्या प्रदेशांत घडतात. शतकाचा पत्ता नाही, ओळखीचे दैवत नाही, परिशिष्ट नाही. आहे तो चालणारा एक माणूस, त्याच्या पायाखालची वाट, आणि नियती नावाची कड, जिच्यापलीकडचे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. विस्तार आणि तन्मयता दोन्ही तिथे एकाच मापाने साधल्या आहेत, आणि धर्माचा प्रश्न देवांच्या नावांवाचून उभा राहिला आहे. अद्भुत कादंबरी मराठीत फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी पाश्चात्त्य महाखंडांची भाषांतरे समोर ठेवण्याआधी ही दोनशे-अडीचशे पाने पुन्हा वाचावीत.